नळजोडणीसोबत मालकी

पाणीपुरवठा हा असा व्यवहार आहे की त्यात गिऱ्हाइकाला दुसरे दुकान नसते. दूधवाला पटला नाही तर बदलता येतो. रस्त्याखालची जलवाहिनी मात्र एकच असते आणि तिच्याशेजारी दुसरी टाकणे कोणालाच परवडत नाही. ती खासगी कंपनीच्या ताब्यात गेली तर मालकाचे हित दर वाढवण्यात आणि ग्राहकाचे हित ते न वाढण्यात, असा कायमचा उभा दावा सुरू होतो. ती महापालिकेकडे असली तर मालकी नागरिकांचीच, पण पाच वर्षांतून एकदा दिलेल्या एका मतात रस्ते, कचरा, पक्ष, जात असे सगळेच मिसळलेले असते. त्यातून पाण्याचा जाब वेगळा विचारता येत नाही. राहिली सहकाराची वाट. तिथे पाणी पिणारेच पाणीपुरवठ्याचे मालक असतात आणि त्यांचे मत फक्त पाण्यापुरते असते. ही वाट चांगली आहे, असे माझे मत आहे. मात्र ‘मालकी सभासदांची’ एवढ्या घोषणेवर ती चालत नाही. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात कारभारावर कोणाची नजर आहे, यावर तिचे सगळे यश अवलंबून असते.

बोलिव्हियाच्या पूर्वेकडील सखल मुलखातले सांताक्रूझ हे त्या देशातले लोकसंख्येने सर्वांत मोठे शहर. तिथले पाणी 1979 पासून ‘सागुआपाक’ ही सहकारी संस्था पुरवते. भूगर्भातले पाणी विहिरींतून उपसायचे आणि घरोघर पोहोचवायचे, शिवाय सांडपाण्याचीही व्यवस्था लावायची, असे तिचे काम. वीज आणि टेलिफोनच्या सहकारी संस्थाही याच शहरात उभ्या राहिल्या. याच देशातल्या कोचाबांबा शहरात पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे सोपवल्यावर दर भडकले, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल 2000 मध्ये सरकारला तो करार मोडावा लागला. सांताक्रूझची संस्था त्या काळातही सभासदांच्याच हाती होती.

तिची रचना आपल्याकडच्या वाचकाला परकी वाटणार नाही. ज्याच्या नावावर नळजोडणी तो सभासद, आणि बंगला मोठा असो की घर दोन खोल्यांचे, प्रत्येकाला मत एकच. शहराचे नऊ विभाग पाडलेले आहेत. सभासद आपापल्या विभागातून प्रतिनिधी निवडतात आणि त्या प्रतिनिधींची मिळून सर्वसाधारण सभा बनते. ती दोन वेगळी मंडळे निवडते: एक कारभार पाहणारे, दुसरे त्या कारभाराची तपासणी करणारे. रोजचे काम पगारी व्यवस्थापकाकडे असते. प्रतिनिधींच्या निवडणुका टप्प्याटप्प्याने होत असल्याने एकाच लाटेत सगळे मंडळ बदलत नाही. वर्षाअखेरीला शिल्लक उरली तर ती लाभांश म्हणून वाटली जात नाही, जाळ्याच्या दुरुस्तीत आणि विस्तारात जाते. या सगळ्यात मला कळीचे वाटते ते तपासणी मंडळ. कारभार करणाऱ्यांनीच हिशेब तपासायचा म्हटले तर सहकाराचे काय होते, हे महाराष्ट्राने कारखान्यांत आणि बँकांत पुरते भोगले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की ग्राहकच मालक झाले तर ते दर वाढूच देणार नाहीत आणि जमिनीखाली नळ गंजत राहतील. ही भीती खरी आहे. म्हणूनच तिथे दरांना सरकारी नियामकाची मंजुरी लागते. सहकार असला तरी बाहेरचा पंच हवाच. दुसरा आक्षेप मतदानाचा. निवडणुकीत फारच थोडे सभासद मत देतात, ही सांताक्रूझवरची जुनी टीका आहे. आपल्याकडे गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच चौघांत उरकली जाते, ते चित्र यापेक्षा फार वेगळे नाही. नळाला पाणी येत असेल तोवर लोक सभेला येत नाहीत, आणि याच रिकाम्या खुर्च्यांवर एखादा गट हळूहळू ठाण मांडतो. तपासणी मंडळ आणि टप्प्याटप्प्याच्या निवडणुका हा धोका कमी करतात, पण संपवत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. मत जोडणीधारकाला आहे. मग भाडेकरूचे काय, आणि ज्याच्या वस्तीपर्यंत नळच पोहोचला नाही त्याचे काय? सांताक्रूझ झपाट्याने वाढले आणि मोठ्या संस्थेच्या हद्दीबाहेरच्या वस्त्यांना छोट्या सहकारी संस्था काढाव्या लागल्या. आत असलेल्यांनी आपल्यापुरते पाहणे स्वाभाविक आहे, पण पाण्याच्या बाबतीत ते अन्यायाचे ठरते. नव्या सभासदाचे जोडणीशुल्क हप्त्याने घ्यावे आणि हद्दीबाहेरच्या वाहिन्यांचा खर्च सरकारने उचलावा, एवढे तरी व्हायलाच हवे. याबाबतीत महाराष्ट्राच्या 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यातली एक तरतूद मला मोलाची वाटते. तिच्यानुसार शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेत संचालकांच्या जागा कालव्याच्या हेडकडच्या, मधल्या आणि टेलच्या शेतकऱ्यांना सारख्याच असतात. पाणी ज्याच्याकडे शेवटी पोहोचते, त्याची खुर्ची कायद्यानेच राखलेली आहे. नळाच्या संस्थांनीही आपल्या टेलच्या वस्त्यांसाठी अशा जागा राखायला हव्यात.

तुम्ही पाणी वापर संस्थेचे सभासद असाल किंवा साध्या गृहनिर्माण संस्थेचे, वार्षिक सभेची नोटीस आली की बाजूला ठेवू नका. सभेला जा आणि गळती किती, राखीव निधी किती, हिशेब कोणी तपासला, एवढे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.