.३५७ मॅग्नम

.३५७ मॅग्नम हे रिव्हॉल्व्हरसाठी बनविलेले एक शक्तिशाली काडतूस आहे. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या कंपन्यांनी ते १९३५ मध्ये बाजारात आणले. ते जुन्या .३८ स्पेशल काडतुसापासून विकसित झाले. दोन्हींच्या गोळीचा व्यास सारखाच, म्हणजे ०.३५७ इंच (सुमारे ९.१ मिलिमीटर) आहे, मात्र दारूच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या दाबात मोठा फरक आहे. हा दाब शस्त्राचा कोणता भाग किती काळ सोसू शकतो, यावर या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरांची रचना ठरत गेली.

पार्श्वभूमी

१९३० मध्ये स्मिथ अँड वेसनने .४४ व्यासाच्या काडतुसांसाठी असलेल्या मोठ्या ‘एन’ सांगाड्यावर .३८ स्पेशलचे रिव्हॉल्व्हर तयार केले. त्यासाठीची जादा दाबाची काडतुसे .३८/४४ या नावाने ओळखली जात. त्यांचा आकार साध्या .३८ स्पेशलसारखाच असल्याने ती जुन्या, नाजूक शस्त्रांतही भरता येत आणि त्यामुळे अपघाताचा धोका होता. एल्मर कीथ, फिलिप शार्प आणि डग्लस वेसन यांच्या प्रयत्नांतून पुढे आलेल्या .३५७ मॅग्नमचा पितळी कोष म्हणूनच सुमारे ३ मिलिमीटरने लांब ठेवण्यात आला. परिणामी ते .३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पूर्ण बसत नाही. याउलट .३८ स्पेशल काडतूस .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडता येते.

दाब व ऊर्जा

अमेरिकी उद्योगमानकानुसार .३८ स्पेशलसाठी कमाल दाब दर चौरस इंचास १७,००० पौंड, तर .३५७ मॅग्नमसाठी ३५,००० पौंड, म्हणजे दुपटीहून अधिक आहे. १५८ ग्रेन (सुमारे १०.२ ग्रॅम) वजनाची गोळी .३८ स्पेशलमधून सेकंदाला सुमारे २३० मीटर, तर मॅग्नममधून सुमारे ३७५ मीटर वेगाने बाहेर पडते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती अनुक्रमे सुमारे २७० आणि ७२० ज्यूल भरते.

मध्यम सांगाड्याची मर्यादा

‘एन’ सांगाड्याचे रिव्हॉल्व्हर भक्कम असले, तरी दिवसभर कमरेला बाळगण्यास जड होते. अमेरिकी सीमा गस्ती दलातील बिल जॉर्डन यांच्या आग्रहावरून १९५५ मध्ये मध्यम आकाराच्या ‘के’ सांगाड्यावर ‘कॉम्बॅट मॅग्नम’ हे रिव्हॉल्व्हर आले. पुढे ते मॉडेल १९ म्हणून ओळखले गेले. सराव .३८ स्पेशलने करावा आणि मॅग्नम काडतुसे प्रत्यक्ष कामगिरीसाठी राखावीत, अशी त्याच्या वापरामागील कल्पना होती.

या रचनेचा कच्चा दुवा सिलिंडर नव्हे, तर नळीचे मागचे तोंड ठरले. सिलिंडर बंद होताना जागा मिळावी म्हणून या तोंडाची खालची बाजू सपाट कापलेली असे, त्यामुळे तेथे धातूची जाडी कमी होती. पोलीस दले सरावातही पूर्ण शक्तीची काडतुसे वापरू लागल्यावर या भागाची झीज वाढली. विशेषतः १२५ ग्रेनच्या हलक्या, वेगवान गोळ्यांच्या काडतुसांमुळे तप्त वायू आणि न जळलेल्या दारूचे कण तेथे आदळून धातू झिजत असे व काही शस्त्रांत तडे जात.

यावर उपाय म्हणून १९८० च्या दशकाच्या आरंभी कंपनीने ‘के’ आणि ‘एन’ यांच्या दरम्यानचा ‘एल’ सांगाडा आणला. मॉडेल ५८६ आणि ६८६ मध्ये मूठ ‘के’ सांगाड्याइतकीच ठेवून सिलिंडर व नळीचे मागील तोंड अधिक जाड करण्यात आले.

हलकी शस्त्रे

पुढे टायटॅनियमचे सिलिंडर आणि स्कँडियममिश्रित ॲल्युमिनियमचा सांगाडा असलेली, ३५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरही निघाली. ती दाब सोसू शकत असली, तरी वजन कमी असल्याने हाताला बसणारा धक्का फार तीव्र असतो. या धक्क्याने सिलिंडरमधील न झाडलेल्या काडतुसांच्या गोळ्या कोषातून पुढे सरकून सिलिंडर अडकू शकते. तसेच सिलिंडरची झीज टाळण्यासाठी अशा शस्त्रांत १२० ग्रेनपेक्षा हलक्या गोळ्यांची मॅग्नम काडतुसे वापरू नयेत, अशी उत्पादकाची सूचना असते.