नकाशावर विश्वास न ठेवणारी मुलं

11 मार्च 2011, दुपारचे पावणेतीन. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कामाइशी शहरात उनोसुमाई नावाचा भाग आहे. तिथे एक प्राथमिक आणि एक माध्यमिक अशा दोन शाळा शेजारी-शेजारी होत्या. 9.0 तीव्रतेच्या भूकंपाने कित्येक मिनिटं जमीन हलत राहिली. वीज गेली आणि शाळेचे ध्वनिक्षेपक बंद पडले. तरी माध्यमिक शाळेतली मुलं सूचनेची वाट न बघता डोंगराच्या दिशेने पळत सुटली. प्राथमिक शाळेतल्या मुलांना तोवर तिसऱ्या मजल्यावर नेलं होतं. दादा-ताया पळताना दिसल्या तशी तीही खाली उतरली आणि त्यांच्यामागे धावू लागली.

ठरलेल्या जागी पोचल्यावर मागची दरड कोसळलेली दिसली. ही जागा धोक्याची आहे, आणखी वर जाऊ, असं मुलांनीच सुचवलं. दुसरी जागाही पुरेशी उंच वाटेना, तेव्हा मंडळी लहानग्यांचे हात धरून पुन्हा चढू लागली. थोड्याच वेळात पाणी आलं आणि त्याने दोन्ही शाळा गिळल्या. प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर नंतर एक मोटार अडकलेली सापडली. पळालेली सुमारे 570 मुलं वाचली.

पालिकेच्या धोका-नकाशात या दोन्ही शाळा सुरक्षित पट्ट्यात होत्या.

गुन्मा विद्यापीठातले प्राध्यापक तोशिताका काताडा त्याआधी काही वर्षं इथल्या शाळांतून शिकवत होते. त्यांनी मुलांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. नकाशावर, आधी बांधलेल्या अंदाजावर विसंबू नका. त्या क्षणी जे उत्तम करता येईल ते करा. आणि पळायला सगळ्यात आधी तुम्ही निघा. तिसरी गोष्ट वरवर स्वार्थी वाटते, पण तिच्यात मानसशास्त्र आहे. धोक्याचा इशारा कानावर पडला तरी माणूस आजूबाजूला बघतो आणि कुणी हललं नाही तर जागीच थांबतो. एक जण पळाला की बाकीचे पळतात. शिवाय मुलांनी घरी सांगायचं होतं, 'मी नक्की पळेन, तुम्ही मला आणायला शाळेत येऊ नका.' त्या किनाऱ्याने पूर्वीच्या त्सुनामींमध्ये एकमेकांना शोधायला गेलेली कुटुंबंच्या कुटुंबं गमावली आहेत.

आधी बांधलेल्या अंदाजावर का विसंबायचं नाही, याचं उत्तर त्या दिवशीच मिळालं. भूकंपानंतर तीनच मिनिटांत हवामान संस्थेने इशारा दिला. इतक्या घाईत तीव्रतेचा अंदाज 7.9 निघाला होता. ही मोजपट्टी सरळ नाही, 7.9 आणि 9.0 यांच्यात ऊर्जेचा फरक चाळीसपटीहून जास्त असतो. त्यामुळे त्या किनाऱ्याला पहिला आकडा कळला तो तीन मीटर उंचीच्या लाटेचा. तो पुढे वाढवला गेला, पण तोवर वीज गेलेल्या घरांपर्यंत सुधारित आकडा पोचणार कसा? दुसरीकडे त्सुनामीचा वेग समुद्राच्या खोलीवर ठरतो. चार किलोमीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे 700 किलोमीटरने धावते. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात मंदावते आणि त्याच वेळी उंच होत जाते. कामाइशीला अर्धा तास मिळाला.

आता त्याच उनोसुमाईतली दुसरी गोष्ट, जी सांगायला कमी आवडते. भागात आपत्ती प्रतिबंध केंद्राची दुमजली नवी इमारत होती. त्सुनामीत आसरा घेण्यासाठी ती नेमलेली नव्हती. पण खरी जागा दूर आणि चढावर, म्हणून सोयीसाठी सराव या इमारतीत व्हायचे. शेवटचा सराव 3 मार्चला झाला होता. आठ दिवसांनी लोक सवयीने तिथेच गेले. दीडशेहून अधिक माणसं तिथे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज आहे. सराव शरीराला रस्ता शिकवतो. चुकीचा शिकवला तर तोही तितकाच पक्का बसतो.

इशिनोमाकी शहरातल्या ओकावा शाळेत तर मागेच टेकडी होती. मुलं पाऊण तासाहून अधिक वेळ मैदानात उभी होती आणि कुठे जायचं यावर मोठ्यांची चर्चा चालली होती. शाळेच्या आराखड्यात आसऱ्याची जागा म्हणून 'जवळची मोकळी जागा, उद्यान' एवढंच लिहिलेलं होतं. 74 मुलं आणि 10 शिक्षक गेले. पालक न्यायालयात गेले. अपुऱ्या पूर्वतयारीबद्दल प्रशासनाला दोषी ठरवणारा निकाल 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. कागदावरचा आराखडा कायद्यालाही पुरेसा वाटला नाही!

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आठवण करून देतो: 28 नोव्हेंबर 1945च्या मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. आणि किल्लारीचा भूकंप आपल्याला सांगायला नको. आपल्याकडचे बरेचसे सराव मात्र वेळ आधी जाहीर करून, पाहुण्यांच्या साक्षीने, ओळीत चालत मैदानापर्यंत जाऊन संपतात. टेबलाखाली शिरून टेबलाचा पाय घट्ट धरणं मुलांना यायलाच हवं, कारण हादऱ्यात बरीच इजा अंगावर पडणाऱ्या वस्तूंनी होते. पण ते पहिल्या मिनिटापुरतं.

मुख्याध्यापकांना एक विनंती. पुढचा सराव मधल्या सुट्टीत घ्या, कुणाला न सांगता. एक जिना बंद ठेवा. शाळा किनाऱ्यावर असेल तर मुलांना मैदानात उभं न करता जवळच्या टेकडीपर्यंत न्या, वेळ मोजा, आणि परत आल्यावर त्यांनाच विचारा की ती जागाही कमी पडली तर पुढे कुठे जाल.