टायरमधील लिक्विड : भरवसा कुठवर?



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिससमोर मोटारसायकलींची रांग लागते आणि त्यातली एखादी तरी रोज पंक्चर असतेच. पूर्वी सभासद पंक्चरवाला कुठे बसतो ते विचारीत. आता विचारतात, "साहेब, ते टायरात ओतायचं लिक्विड खरंच चालतं का हो?" उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हा खुलासा.

आधी पंक्चर होते कशाने ते पाहू. बाभळीचा काटा आणि सराटा हे आपले जुने वैरी आहेतच. हंगामात त्यांत भर पडते. ऊस वाहणारे बैल डांबरी रस्त्याने रोज ये-जा करतात आणि त्यांच्या पायाच्या पत्र्यांचे खिळे निखळून रस्त्यावर पडतात. ट्रॉलीच्या वायररोपचे तुटके धागे सुईसारखे घुसतात. तिसरी गोष्ट शेतातली, ती म्हणजे कोयत्याने तिरका छाटलेला उसाचा बुडखा. तोडणी झालेल्या फडातून गाडी घातली की हा बुडखा पुष्कळदा टायरच्या तळाला न लागता बगलेला लागतो. तळ आणि बगल हा फरक ध्यानात ठेवावा, सगळा निकाल त्यावरच आहे.

हवेच्या टायरला आयर्लंडमधील बेलफास्ट येथे १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी व्यवहारात आणले. हे गृहस्थ गुरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी त्यांनी तो केला. त्यांच्याच नावावरून टायरच्या बैलगाडीला अजून काही जुनी माणसे डनलॉप गाडी म्हणतात. हवेचा टायर आला तेव्हापासून पंक्चरही आपल्या मागे लागले.

आता हे लिक्विड, म्हणजे सीलंट. बहुतेक बाटल्यांत ग्लायकॉल हा घट्टसर द्रव असतो, इंजिनाच्या कूलंटमध्ये वापरतात त्या जातीचा. त्यात बारीक तंतू आणि रबराचा चुरा कालवलेला असतो. काहींत रबराच्या झाडाचा चीक, म्हणजे लॅटेक्सही असतो. चाक फिरू लागले की गोफणीतल्या दगडाप्रमाणे हा द्रव बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि टायरच्या तळाला आतून लिंपण बसते. खिळा निघाला की आतली हवा भोकाकडे धाव घेते, जाताना द्रव बरोबर ओढते, तंतू भोकात अडकतात, त्यांच्या मागे चुरा अडकतो आणि बोळा बसतो. पाटाला भगदाड पडले की आपण पाचटाचा पेंढा कोंबून वर चिखल थापतो, तोच प्रकार.

भगदाड हातभर असेल तर पेंढा वाहून जातो, तसेच इथेही होते. ट्यूबलेस टायरच्या तळाला सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतचे भोक बुजते, ट्यूबला फार तर ३ मिलिमीटर धरावे. बगलेला चीर गेली तर मात्र काही उपयोग नाही. एक तर द्रव तळाकडे फेकला जातो, बगलेला पुरेसा राहत नाही. दुसरे, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला बगल वाकते आणि सरळ होते, तिथे बोळा टिकणार कसा?

सगळ्यात जास्त गैरसमज ट्यूबबद्दल आहे. आऱ्यांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, कारण रिमला प्रत्येक तारेपाशी भोक असते. मॅगव्हील दिसले म्हणजे ट्यूबलेसच असेही समजू नये, काही मॅगव्हीलमध्येही ट्यूब असते. टायरच्या बगलेवर कोरलेले असते, ते वाचावे किंवा मुलांकडून वाचून घ्यावे. ट्यूबलेस टायरचे जाड रबर खिळ्याला आवळून धरते, हवा हळूहळू जाते आणि लिक्विडला काम करायला सवड मिळते. ट्यूब म्हणजे ताणलेला फुगा. टायरात खिळा रुतलेला आणि आत ट्यूब सरकते, त्यामुळे भोकाची चीर होते. हवा ट्यूब आणि टायर यांच्या मधून आऱ्यांच्या भोकांवाटे भसकन निघून जाते. काट्याच्या बारीक भोकापुरते ट्यूबमध्येही लिक्विड काम देते, पण "आता पंक्चरची काळजी मिटली" असे कोणी सांगितले तर ते ट्यूबवाल्याने अर्धेच खरे मानावे. त्याने त्याच पैशात जुनी ठिगळांची ट्यूब बदलावी हे आमचे मत.

हा धडा आम्ही स्वतः घेतलेला आहे. आमच्या गाडीच्या पुढच्या चाकात लिक्विड होते, तीन वर्षांपूर्वी भरलेले. त्या भरवशावर हवा तपासणे आम्ही सोडूनच दिले होते. तोडलेल्या फडातून गाडी काढली, टायरला बुडखा लागला, पण हवा गेली नाही म्हणून पाहिलेही नाही. दुसऱ्या रात्री पाळीचे पाणी बंद करून परत येताना, मागे धाकटा मुलगा बसलेला, कॅनॉलच्या भरावावर हँडल एकदम जड झाले आणि डोलू लागले. वेग तिशीचा होता म्हणून थांबता आले. कॅनॉल दोन हातांवर होता. पोरगा म्हणाला, "आबा, गाडी का हलली?" आम्हाला उत्तर सुचेना. सकाळी टायर उघडला तर बगलेला बोटभर चीर आणि आत वाळलेल्या लिक्विडच्या पापड्या.

तेव्हा भरायचे तर नीट भरावे. बाटलीवर टायरच्या मापाप्रमाणे प्रमाण छापलेले असते, तेवढेच घालावे. लेबल नसलेल्या कॅनमधले सुटे लिक्विड घेऊ नये, त्यात रिमला गंज आणणारे काही असले तरी कळायला मार्ग नाही. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, व्हॉल्व्ह अगदी तळाशी न ठेवता थोडा बाजूला ठेवावा, चावीने पिन काढून हवा सोडावी, बाटली हलवून लिक्विड आत सोडावे, पिन बसवून हवा भरावी आणि लगेच चार-पाच किलोमीटर गाडी चालवावी. भरून घरात लावून ठेवली तर सगळे तळाला साचते. पुढे हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून दोन मिनिटे थांबावे, नाहीतर पिनमध्ये लिक्विड चिकटून पिन चोंदते. भरल्याची तारीख गाडीच्या पुस्तकात लिहावी. साधारण दोन वर्षांनी ते वाळते, आपल्या उन्हात त्याहून लवकरही.

हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना पाहावी. १०० सीसीच्या गाडीला पुढे २५ आणि मागे एकट्यासाठी २८ पौंडांच्या आसपास लागते, मागे माणूस किंवा खताचे पोते असेल तर जास्त. नेमका आकडा पुस्तकात किंवा चेनकव्हरवरच्या पट्टीवर असतो. टायर गोटा झाला असेल तर लिक्विड भरणे म्हणजे फुटक्या घागरीला कल्हई. दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर तो कायद्यानेही बाद आहे.

लिक्विडने भोक बुजले तरी काम संपले नाही. दुसऱ्या दिवशी टायर फिरवून खिळा शोधावा, काढावा आणि ट्यूबलेसला आतून पक्के ठिगळ लावून घ्यावे. पंक्चरवाल्याला आधीच सांगावे की आत लिक्विड आहे. नाहीतर टायर उघडताच त्याच्या अंगावर सांडते आणि तो दोन शब्द सुनावतो, ते रास्तच आहे. पाण्याने धुऊन, कोरडे केल्याशिवाय ठिगळ चिकटत नाही.

चालत्या गाडीत पुढचे चाक बसले तर पुढचा ब्रेक दाबू नये. हँडल दोन्ही हातांनी सरळ धरावे, रेस हळूहळू सोडावी, मागचा ब्रेक हलका लावावा. मागचे बसले तर उलट, पुढचा ब्रेक हलक्या हाताने लावावा.

आणखी एक गोष्ट, गुरे असलेल्या घरासाठी. काही लिक्विडमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोडसर पण विषारी आहे, कुत्रे आणि जनावरे चाटतात. म्हणून गोठ्यापाशी किंवा हौदाशेजारी लिक्विड भरू नये, सांडलेले मातीने टिपून पुरावे, उरलेली बाटली पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी आणि रिकामी बाटली धुऊन तेलाला वापरू नये.