तबकातली सुपारी आणि आरोग्याचे विद्यार्थी

आज आपल्या समाजातील अनेक मुलेमुली नर्सिंग, फार्मसी अशा अभ्यासक्रमांत शिकत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु पुस्तकातले ज्ञान घराच्या उंबरठ्याच्या आत येते काय?

माझी पुतणी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खाण्यातून कर्करोग कशाने होतो, असे विचारताच तिने तंबाखू, बेकायदा रंग अशी यादी घडाघडा सांगितली. जेवणानंतर मात्र तिनेच सुपारीचे तबक पुढे केले. म्हणाली, "काका, यात तंबाखू नाही."

हाच गैरसमज घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीसुद्धा पहिल्या गटात असल्याचे प्रसिद्ध केले. पहिला गट म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेले पदार्थ. धोका किती, हे मात्र किती आणि किती वर्षे खाल्ले यावर अवलंबून असते. सतत सुपारी चघळल्याने गाल आतून ताठ होतात, तिखट झोंबते, तोंड उघडेनासे होते. पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. पुतणीच्या थोरल्या काकींनी तंबाखूला कधी हात लावला नाही. आज त्यांना भाताचा घास घेणे कठीण झाले आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु कोकणात सुपारी ही घरची बाग आणि पाहुण्यांचा मान. तेथे कायदा नव्हे, घरातले शिकलेले माणूसच बोलू शकते.

दुसरा शत्रू आपल्या पावसाळी दमट हवेतला. शेंगदाणे, मका, सुके खोबरे यांवर येणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. तेही पहिल्याच गटात आहे. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात असा मका खाऊन यकृताच्या विकाराने शंभराहून अधिक माणसे दगावली. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग होऊ शकतो. दाणे भाजून कूट केले तरी ते पूर्ण नष्ट होत नाही. म्हणून धान्य चांगले वाळवावे, कोरड्या डब्यात ठेवावे आणि बुरशीचा दाणा निःसंकोच फेकून द्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेतले उत्तर परीक्षकासाठी असते. तेच उत्तर आधी आपल्या आईला, काकीला समजावून सांगा. आमच्या घरातले तबक आता माळ्यावर गेले आहे. ते पुतणीनेच ठेवले.