नदीकाठची वस्ती आणि भरपाईचा हक्क

कुळगाव-बदलापूरच्या काठाने उल्हास नदी वाहते. या परिसरातील असंख्य घरांच्या नळांना तिचेच पाणी येते. जवळच अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिरालगत वाहणारी वालधुनी मात्र कारखान्यांचे सांडपाणी आणि शहरांचा मैला पोटात घेत उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाते. तिच्या काठी हौसेने कोणी राहत नाही. अन्यत्र भाडे परवडत नाही, म्हणून राहतात. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात एका टँकरमधील रसायन या नदीत सोडण्यात आले. वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले.

'वनशक्ती' या संस्थेच्या अर्जावरून राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने जुलै २०१५ मध्ये उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. आकडा मोठा खरा. परंतु नदीची दुरुस्ती आणि माणसाची नुकसानभरपाई या दोन वेगळ्या मागण्या होत. पहिली मंजूर झाली म्हणजे दुसरी आपोआप पदरात पडते, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे.

राष्ट्रीय हरित लवाद अधिनियम, २०१० च्या कलम १५ मध्ये पीडित व्यक्ती, मालमत्ता आणि पर्यावरण या तिन्हींचा स्वतंत्र उल्लेख आहे. या कलमाखालील अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. कलम १७ प्रमाणे अपघाताच्या प्रकरणी दोष सिद्ध होण्याची अट नाही. अर्ज पीडिताने, त्याच्या वारसाने, प्रातिनिधिक संस्थेने किंवा स्थानिक प्राधिकरणानेही करावा, अशी सोय कलम १८ मध्ये आहे. भरपाईच्या मागणीवर एक टक्का, किमान एक हजार रुपये शुल्क पडते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस ते माफ आहे. ज्यांच्यासाठी ही माफी ठेवली, त्यांच्यापर्यंतच ती वार्ता बहुधा पोहोचत नाही!

पुराव्याची बाब अधिक अवघड आहे. रहिवाशाने बाटलीत भरून आणलेल्या पाण्याने तक्रारीस जोर येतो. तथापि जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ नुसार सांडपाण्याच्या नमुन्याचे पृथक्करण न्यायालयात ग्राह्य धरावयाचे, तर तो नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाने विहित रीतीने, कारखानदारास सूचना देऊन घेतलेला असावा लागतो. टँकर रात्री येतो आणि पाणी सकाळपर्यंत वाहून जाते. म्हणून तक्रार त्याच वेळी, तारीख व वेळ घालून लेखी देणे आणि तिची पोच घेणे अगत्याचे आहे. दवाखान्याची चिठ्ठी व बुडालेल्या मजुरीची नोंदही जपून ठेवावी. हे टिपण लिहून देण्यास वस्तीतील शिक्षक किंवा पंचायत सदस्य पुरेसा आहे.