अम्मींच्या समोरची भिंत

गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन नीट पार पडले, अल्हम्दुलिल्लाह. पण दिवसभर घरात फिरणाऱ्या अम्मी पलंगाला खिळल्या. पलंगासमोर भिंत. भिंतीवर ओल येऊन फुगलेला डिस्टेंपर आणि एक कॅलेंडर. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "बेटा, ही भिंत पाहून डोळे विटले गं. ते कॅलेंडर तरी काढ. दिवस मोजत पडल्यासारखं वाटतं."

शाळेला दिवाळीची सुट्टी लागायला आठवडा होता. भिंत आपणच रंगवायची, असे त्या रात्री ठरले.

वॉलपेपरचा विचार लगेच सोडला. ओल आलेल्या भिंतीवर तो टिकत नाही, मागून बुरशी धरते. रंगाच्या दुकानात तयार स्टेन्सिल मिळतात, पण त्यावर केळीची पाने नाहीतर फुलपाखरे. थोरलीने आयतीची स्टेन्सिल सुचवली. अम्मींनी मान हलवली. रंग आज ना उद्या खरवडावाच लागतो, त्याचे पोपडे जमिनीवर पडतात, केराबरोबर झाडले जातात. अल्लाहच्या कलामाची अशी बेअदबी नको. आयत बैठकीत फ्रेममध्ये आहे, तिथेच ती बरी. आम्हालाही ते पटले.

"मग काय पाहायला आवडेल?" असे विचारल्यावर त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "मकबऱ्याची जाळी."

अम्मींचे माहेर बेगमपुऱ्यातले, बीबी का मकबऱ्याच्या अगदी जवळचे. शाहजादा आझम शाहची आई दिलरस बानू बेगम हिच्यासाठी हा मकबरा बांधला गेला. दरवाजावरच्या लेखात वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपतराय यांची नावे आहेत. इमारत १६६०-६१ च्या सुमाराची. ताजमहालाशी तुलना करून तिला नावे ठेवण्याची लोकांना खोड आहे. आम्हाला ती तुलनाच फुकाची वाटते. तिथल्या जाळ्या एकदा निवांत पाहाव्यात. कबरीभोवती संगमरवराचा अष्टकोनी जाळीदार कठडा आहे. लहानपणी त्या जाळीला डोळा लावून आत पाहिल्याचे अम्मी अजून सांगतात. ती जाळी हुबेहूब उतरवणे आमच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून त्याच परंपरेतला, हाताने काढता येईल असा आठ टोकांचा तारा घेतला.

तो काढणे सातवीच्या मुलालाही जमते. १० सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा, त्याचे आठ समान भाग करा आणि बिंदू एक सोडून एक जोडा. एकावर एक तिरके ठेवलेले दोन चौरस तयार होतात, तोच तारा. असे तारे टोकाला टोक लावून मांडले की मधल्या रिकाम्या जागेत चार टोकांची दुसरी आकृती आपोआप उमटते. न काढता मिळालेली ही आकृती पाहून धाकटा हरखला. वर्गात वर्षभर सांगून जे कळत नाही ते असे कळते.

स्टेन्सिलसाठी अम्मींच्याच गुडघ्याचा जुना एक्स-रे घेतला. ब्लीच घातलेल्या पाण्यात भिजवला की वरचा काळा थर सुटतो आणि पारदर्शक, चिवट फिल्म उरते. (हातमोजे घालून, उघड्यावर, आणि मोठ्यांनीच हे करावे. जो एक्स-रे डॉक्टर पुन्हा मागतील, त्याला हात लावू नये.) पहिली फिल्म फुकट गेली. ताऱ्याच्या आत छोटा तारा ठेवून मधली पट्टी कापायची होती. कटर फिरवत शेवटापर्यंत गेलो आणि आतला तारा टपकन खाली पडला. त्याला धरून ठेवणारे काहीच उरले नव्हते. दुसऱ्या वेळी चार ठिकाणी अर्ध्या सेंटीमीटरचे दुवे सोडले. तेव्हा लक्षात आले की दगडाच्या जाळीतही हेच असते. एकही तुकडा अधांतरी राहून चालत नाही, प्रत्येकाला शेजारच्याचा आधार लागतो. कारागिराची खरी कसोटी तिथेच.

भिंतीच्या तयारीत चार दिवस गेले. आधी बाहेरच्या बाजूची तडा गेलेली जागा बुजवून घेतली, नाहीतर आतली सगळी मेहनत पुढच्या पावसात गळून पडली असती. मग पोपडे खरवडणे, पुट्टी, काचकागद, प्रायमर आणि फिक्या बदामी इमल्शनचे दोन हात. या दिवसांत अम्मी बैठकीत झोपल्या. नक्षी किती उंचीवर हवी हे आम्ही त्यांच्या पलंगावर आडवे पडून ठरवले. उभ्याने आखली असती तर चुकलीच असती.

भिंत ३०६ सेंटीमीटर रुंद. २० सेंटीमीटरचे १५ तारे बसले, दोन्ही कडांना तीन-तीन सेंटीमीटर मोकळे. जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर सुरुवात करून सहा ओळी, म्हणजे ९० तारे. दोऱ्याला कुलूप बांधून ओळंबा केला आणि मधली रेघ खडूने आखली. छतावर विसंबू नका. आमचे एका टोकाला दोन सेंटीमीटर उतरलेले निघाले.

रंगात पाणी घालायचे नाही, हे आम्ही ऐकले होते आणि तरीही घातले. पहिल्याच ताऱ्याखालून हिरवे ओघळ निघाले. नंतर स्पंज रंगात टेकवून आधी वर्तमानपत्रावर टिपायचा, जवळजवळ कोरडा झाला की भिंतीवर हलके थोपटायचे, असा नेम ठेवला. शेजारचा तारा लगेच काढला की ओल्या रंगावर फिल्म घासते, म्हणून एकाआड एक काढले आणि उरलेले दुसऱ्या दिवशी भरले. चार-पाच ताऱ्यांनंतर फिल्म पुसावी लागते. फराटे ओल्यात पुसायला जाऊ नये; वाळू द्यावेत आणि बारीक ब्रशने बदामी रंग लावावा. रंग पाव लिटरही लागला नाही.

अम्मी खोलीत परतल्या तेव्हा बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चौथ्या ओळीतला एक तारा किंचित कलल्याचे त्यांनीच दाखवले. चष्म्याशिवाय.

आता त्या वॉकर सोडून पलंगापासून दारापर्यंत जातात, एक हात भिंतीला लावून. त्यामुळे सर्वांत खालच्या ओळीतले चार तारे मळून पुसट झाले आहेत. उरलेला हिरवा रंग बाटलीत घट्ट झाकून ठेवला आहे आणि फिल्म कपाटामागे आहे. मे महिन्याच्या सुट्टीत ती ओळ पुन्हा काढू.