दहा बांध्यांचे वजन : धानाच्या सरासरीमागची शंभर वर्षे

गोंदिया जिल्ह्यात ऑक्टोबरमध्ये हलका धान कापणीला येतो, त्यामागून भारी धान. बांध्यांत कडपा पडू लागल्या की तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक टेप, दोरी, खुंट्या आणि वजनकाटा घेऊन ठरलेल्या गटांत उतरतात. यादृच्छिक अंकांनी जो कोपरा निघेल तिथून आयत आखायचा, त्यातला धान कापायचा, झोडायचा, दाणा तोलायचा. हा पीक कापणी प्रयोग. 2016 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत महसूल मंडळासाठी असे किमान 10 प्रयोग सांगितले होते. 2025 च्या खरिपापासून महाराष्ट्राने स्थानिक आपत्तीसारखे इतर निकष वगळून भरपाई मुख्यतः या प्रयोगांवर आणून ठेवली. मंडळातल्या सगळ्या विमाधारकांचे नशीब आता बहुतांशी मोजक्या वजनांच्या सरासरीला बांधलेले आहे. म्हणून त्या सरासरीमागे कोणती विद्या उभी आहे, याचा मागोवा घेणे आवश्यक आहे.

जुन्या काळी सारा भरवसा नजरेवर होता. गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी. त्याआधी तो भंडाऱ्यात होता आणि स्वातंत्र्यापूर्वी भंडारा मध्यप्रांत व वऱ्हाडात. तेव्हा पीक सोळा आण्यांपैकी किती आणे, हे शेत पाहून ठरे. आजही पीक किती आले हे ठरवणाऱ्या पैसेवारीचा पहिला टप्पा ‘नजर अंदाज’ याच नावाने जाहीर होतो. अनुभवी डोळा पुष्कळदा बरोबर असतो. पण तो चुकला तर किती चुकला, हे सांगायला त्याच्याकडे काहीच नसते. नजरेच्या अंदाजाची खरी उणीव ही आहे.

ही उणीव भरून काढणारा विचार शेतीतूनच पुढे आला. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी 1922 च्या निबंधात पर्याप्ततेची कल्पना मांडली. दहा वजने हाती आहेत आणि ती घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणातून आली आहेत, असे माना. मग त्यांची बेरीज आणि वर्गांची बेरीज एवढे दोनच आकडे जपले तरी चालते. सरासरी आणि चढउतार यांबद्दल त्या वजनांत जे काही सांगण्यासारखे होते, ते सगळे या दोन आकड्यांत उतरलेले असते. मूळ कागद हरवला तरी अंदाज दुबळा होत नाही. अट एकच : गृहीत धरलेले वितरण खरे असले पाहिजे.

दुसरी कडी संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांची. 1934 च्या निबंधात त्यांनी नमुना निवडीचा पाया घातला आणि 1937 मध्ये विश्वासांतराचा सिद्धान्त सविस्तर मांडला. अंदाज एका आकड्यात न सांगता खालची आणि वरची सीमा द्यायची. याच पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने घेतले, तर शंभरातली सुमारे 95 अंतरे खऱ्या सरासरीला कवेत घेतील. हमी पद्धतीची असते, एखाद्या सुट्या अंतराची नव्हे.

त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात साताऱ्यातल्या बुध गावचा एक तरुण शिकत होता : पांडुरंग वासुदेव सुखात्मे. नेमन यांच्या नमुना सिद्धान्तात त्यांनी 1935 मध्येच भर घातली. फिशर आणि नेमन यांचे तीव्र मतभेद सर्वश्रुत होते. तरी सुखात्मे यांनी 1938 मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात फिशर-बेहरेन्स कसोटीवरही काम प्रसिद्ध केले. उपयोगी पडेल ती विद्या त्यांनी दोन्हीकडून घेतली.

पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी ती बांधावर आणली. त्या वेळचा मोठा वाद होता तुकड्याच्या मापाचा. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्या बंगालच्या पाहण्यांत काही फूट त्रिज्येची छोटी वर्तुळे कापली जात. छोट्या तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कडा जास्त; कडेवरची झाडे आत धरली जातात आणि उत्पादन फुगते, हे सुखात्मे यांनी 1946-47 च्या लेखांतून दाखवले. ही चूक प्रयोग वाढवून जात नाही. उलट प्रयोग वाढले की चुकीच्याच आकड्याभोवतीचे अंतर अरुंद होत जाते. म्हणून मोठ्या आयताचा आग्रह. वऱ्हाडातल्या कापसावर हेच तंत्र विनायक गोविंद पानसे यांनी राबवले, आणि दोघांचे शेतीसाठीच्या संख्याशास्त्रीय पद्धतींवरचे इंग्रजी पुस्तक 1954 मध्ये आल्यावर कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्या त्यावर घडल्या.

पर्याप्ततेची गणिती बाजूही मराठी माणसाने पुढे नेली. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजुरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे शिकले, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे ते संस्थापक प्रमुख झाले, 1960 चे ॲडम्स पारितोषिक त्यांना मिळाले. 1976 मध्ये त्यांचा ग्रंथ आला, तो पर्याप्त संख्यानकांवरच. त्याआधी, 1945 मध्ये कोलकात्यात सी. आर. राव यांनी दाखवले होते की पर्याप्त आकड्यांवर आधारलेला अंदाज मूळ अंदाजापेक्षा कमी प्रतीचा कधीच ठरत नाही.

आता ही विद्या गोंदियाच्या मंडळाला लावून पाहू. समजा, दहा प्रयोगांची सरासरी हेक्टरी 30 क्विंटल आली, प्रमाण विचलन 8 आणि विम्याचे उंबरठा उत्पादन 27. सरासरी उंबरठ्याच्या वर, म्हणून भरपाई नाही. पण 95 टक्क्यांचे विश्वासांतर निघते साधारण 24.3 ते 35.7. खरी सरासरी 27 च्या खाली असण्याची शक्यता हे दहा प्रयोग फेटाळू शकत नाहीत. हीच सरासरी आणि हेच विचलन 40 प्रयोगांतून आले असते, तर अंतर 27.4 ते 32.6 झाले असते आणि निकाल बराच भक्कम ठरला असता.

फिशर यांची अटही इथे आडवी येते. इटियाडोह धरणाच्या कालव्याचे पाणी मिळालेली बांधी आणि निव्वळ पावसावरची बांधी, लवकर निघणारा हलका धान आणि परतीच्या पावसात सापडलेला भारी धान, हे सगळे एका सरासरीत ओतले तर ती सरासरी पर्याप्त उरत नाही. ज्याचे बुडाले त्याचे नुकसान, ज्याचे साधले त्याच्या वजनाखाली दडपले जाते. सिंचित आणि कोरडवाहू असे थर पाडून प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवणे हा त्यावरचा उपाय. नेमन यांनी 1934 मध्ये तो सांगितला, सुखात्मे यांनी तो भारतीय शेतांत वापरून दाखवला.

भरपाईचा करार सरासरीवर चालतो, चालू द्या. पण ग्रामपंचायतीच्या फलकावर मंडळाच्या सरासरीशेजारी प्रयोग किती झाले, सिंचित किती, कोरडवाहू किती, विचलन किती आणि विश्वासांतर काय, हे पाच आकडे लागलेच पाहिजेत. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवा शोधही लागत नाही. प्रयोगांची वजने तालुक्याला जमतातच. पुढचे गणित संख्याशास्त्राच्या पदवीचा विद्यार्थीही करील. शेतकऱ्याने तक्रार मांडायची तर त्याच्या हाती नजरेच्या अंदाजापेक्षा भक्कम काही असावे, यासाठीच तर ही शंभर वर्षे खर्ची पडली आहेत.